जात्याची घरघर, कूलरची घूंघूं

‘कॉलिक’ या वैद्यकीय संज्ञेचे मूळ मोठ्या आतड्याच्या ग्रीक नावात आहे, आणि मराठी घरांत याच अवस्थेसाठी रूढ असलेले ‘पोटात कळ येणे’ किंवा ‘पोटशूळ’ हे शब्दही रडण्याचे कारण पोटात आहे असे गृहीत धरूनच वापरले जातात. नावातच निदान दडलेले असले की उपचारही त्या नावामागोमाग येतात. बेंबीभोवती लावलेला हिंग, ओव्याच्या पुरचुंडीचा शेक, उगाळलेली घुटी आणि 1851 साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे विल्यम वुडवर्ड यांनी तयार केलेले व पुढे भारतात घरोघरी पोचलेले ग्राइप वॉटर ही सर्व त्या एका गृहीतकाची अपत्ये होत. प्रत्यक्षात पाय पोटाशी घेणे, मुठी आवळणे, चेहरा लालबुंद होणे या गोष्टी जोरात रडणाऱ्या कोणत्याही तान्ह्यात दिसतात, त्यामुळे केवळ त्यांवरून दुखणे पोटातच आहे असे ठरत नाही. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसल यांनी 1954 साली कारणाचा शोध बाजूला ठेवून केवळ कालमापनावर व्याख्या बांधली : एरवी निरोगी असलेले बाळ दिवसात 3 तासांहून अधिक, आठवड्यात 3 दिवसांहून अधिक आणि असे 3 आठवड्यांहून अधिक काळ रडत असेल तर ते कॉलिक. पचनसंस्थेच्या कार्यात्मक विकारांसाठी, म्हणजे रचनेत दोष न सापडता कार्यात जाणवणाऱ्या विकारांसाठी, तयार झालेल्या ‘रोम निकषां’च्या 2016 च्या आवृत्तीने तासांची ही अट रोजच्या वैद्यकीय व्यवहारातून काढून टाकली आणि 5 महिन्यांखालील बाळाचे उघड कारण नसलेले, वारंवार व दीर्घकाळ चालणारे, सांभाळणाऱ्यांना थांबवता न येणारे रडणे असे त्याचे वर्णन केले. काटेकोरपणे पाहिले तर या लेखाचा विषय असलेल्या उपायाने, म्हणजे पंख्यासारख्या सलग आवाजाने, जे रडणे थांबते ते या व्याख्येत बसतच नाही. परंतु व्याख्या रुग्णालयात लिहिल्या जातात आणि बाळे घरात रडतात.

रडण्याला वयाचा एक आलेख असतो हे बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी 1962 साली 80 निरोगी बाळांच्या आयांनी ठेवलेल्या नोंदींवरून दाखवले. जन्मानंतरच्या आठवड्यांत रडणे वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते दिवसाला साधारण पावणेतीन तासांवर पोचते आणि पुढे उतरते. शिवाय ते संध्याकाळच्या वेळी एकवटते. तिन्हीसांजेला बाळ किरकिरते ही घरोघरची जुनी नोंद आणि त्यावरचा मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढण्याचा तोडगा यांतील निरीक्षण अचूक होते, मग स्पष्टीकरणाचे काहीही म्हणा. या आलेखाचा एक खोडकर परिणाम असा की सहाव्या आठवड्यात सुरू केलेला कोणताही उपाय पुढच्या महिन्याभरात गुणकारी वाटतो, कारण रडणे त्या काळात आपसूक ओसरत असते. ध्वनीच्या उपायाची चर्चा करताना हे भान सतत ठेवावे लागते.

प्रस्तुत लेखात, बाळाचे रडणे सलग आवाजाने शमवावे का, या प्रश्नावरील दोन भूमिका छत्रपती संभाजीनगरातील दोन कल्पित वक्त्यांच्या मुखी घातल्या आहेत. पहिल्या वक्त्या बालरोगतज्ज्ञ आहेत आणि त्यांच्याकडे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्यांची, एका खोलीत राहणारी, आजी-आजोबा गावी असलेली कुटुंबे येतात. दुसऱ्या वक्त्या लोकसाहित्य शिकवून निवृत्त झाल्या असून त्यांना विद्यार्थ्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वजण ‘बाई’ म्हणतात. वाद सुरू होतो तो मोबाइलवर रात्रभर लावून ठेवल्या जाणाऱ्या धबधब्याच्या आणि पंख्याच्या आवाजावरून.

डॉक्टर : बाई, हा आवाज म्हणजे काही फॅड नव्हे. ज्या ध्वनीत ऐकू येणाऱ्या सर्व कंप्रता, म्हणजे जाड-बारीक असे सर्व सूर, सारख्या प्रमाणात मिसळलेले असतात त्याला श्वेतरव म्हणतात. पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग असतात तसे. लंडनमध्ये 1990 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 20-20 नवजातांचे दोन गट केले होते. श्वेतरव ऐकवलेल्या 20 पैकी 16 बाळे पाच मिनिटांत झोपली, न ऐकवलेल्या 20 पैकी 5. तुर्कस्तानातून 2018 साली आलेली चाचणी तर कॉलिकच्याच 40 बाळांवर होती आणि तीत झोके देण्यापेक्षा श्वेतरवाने रडणे अधिक कमी झाले.

बाई : लंडनचा तो लेख तुम्हीच वाचायला दिला होता, डॉक्टर, म्हणून विचारण्याचे धाडस होते. ती बाळे दोन ते सात दिवसांची होती. त्या वयात बाळ तसेही झोपेतच असते आणि कळांचे रडणे अजून सुरूही झालेले नसते. झोप लागणे आणि रडणे थांबणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तुर्कस्तानची चाचणी नेमक्या प्रश्नावर आहे खरी, पण 40 बाळांवरून जगभरच्या पाळण्यांना नियम लावायचा का? आणि तुमच्याच शास्त्रात 1980 सालचा डीकॅस्पर आणि फायफर यांचा प्रयोग आहे. तीन दिवसांच्या आतली बाळे चोखण्याची लय बदलून परक्या बाईच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज निवडत होती. ज्याला निवड करता येते त्याला धबधबा का ऐकवायचा?

हे दोन्ही पुरावे परस्परविरोधी नाहीत, कारण ते दोन भिन्न प्रश्नांची उत्तरे देतात. आईच्या आवाजाला बाळ लक्ष देते. श्वेतरवाचा उपयोग याच्या नेमका उलट, म्हणजे लक्ष देण्याजोगे काहीही उरू नये यासाठी असतो. न बदलणाऱ्या उद्दीपनाला मज्जासंस्था हळूहळू प्रतिसाद देईनाशी होते, या प्रक्रियेला सवयीकरण म्हणतात. त्याच्या जोडीला ध्वनी-आच्छादन असते, म्हणजे सलग आवाजाच्या पार्श्वभूमीवर कुकरची शिट्टी, स्टीलचे भांडे पडणे किंवा जालना रोडवरचा हॉर्न यांचा दचका बोथट होतो. डॉक्टरांच्या बाजूचे अनेक लोक याला गर्भाशयाची आठवण असे तिसरे कारण जोडतात. गर्भाला साधारण सहाव्या महिन्यापासून ऐकू येऊ लागते आणि आत आईच्या रक्तप्रवाहाचा, आतड्यांचा, हृदयाचा आवाज सतत असतो हे खरे आहे. पण बाळ त्या आवाजाच्या आठवणीने शांत होते हे त्यावरून आपोआप सिद्ध होत नाही, आणि गर्भाशयात पोचणारा ध्वनी प्रामुख्याने जाड सुरांचा असल्यामुळे मोबाइलच्या बारीक स्पीकरमधून येणारी सळसळ त्याची फारशी नक्कलही नसते. ही कल्पना मोहक आहे एवढेच सध्या म्हणता येईल.

बाई : मराठीत या कामासाठी क्रियापदच आहे, जोजवणे. ‘जो जो’ या निरर्थक ध्वनीपासून भाषेने क्रिया घडवली. त्यातही पाळणा आणि अंगाई यांत गल्लत होते. बाराव्या दिवशी बारशाला किंवा रामनवमीला म्हणतात तो पाळणा जमलेल्या बायकांसाठी असतो, त्यात कथा असते, नाव ठेवणे असते. अंगाई एकट्या बाळासाठी असते आणि तिच्यात शब्द जितके कमी तितकी ती चांगली. आणि या दोहोंच्याही आधी जाते होते. पहाटे दळताना बाळ मांडीवर, खुंट्याला हात, दगडाची घरघर आणि त्यावर ओवी. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रभरच्या हजाराहून अधिक खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांत आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्याही आहेत. ते बाळ यंत्राच्या नव्हे, माणसाच्या आवाजात झोपत होते.

डॉक्टर : बाई, तुम्ही आत्ता जे सांगितलेत त्यात यंत्र आहेच. जात्याचे दगड एकमेकांवर घासताना जो आवाज होतो तो जाड-बारीक सुरांची मिसळ असलेला, सलग, एका लयीत फिरणारा असतो. म्हणजे श्वेतरवाचा सख्खा भाऊ. त्यात आईच्या मांडीची हालचाल, तिच्या पोटाची ऊब आणि छातीतून येणारा कंप. बाळ ओवीने झोपत होते की घरघरीने, हे कुणी वेगळे करून पाहिले आहे?

बाई : नाही पाहिले. पण वेगळे करून पाहायला आपल्या शहरातच एक नमुना आहे. पाणचक्की हेही जातेच. बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी डोंगराकडून नहरीने आणलेल्या पाण्यावर ते फिरत होते, पाण्याचा धबाबा आजही तिथे ऐकता येतो. त्या चक्कीवर पीठ निघाले, ओवी निघाली नाही.

हे उत्तर देखणे आहे, पण डॉक्टरांच्या प्रश्नाचे उत्तर नाही. ओवी निर्माण होण्यासाठी दळणारी बाई लागते हे निर्विवाद. बाळ शांत होण्यासाठी ओवी लागते की नाही हा प्रश्न तेथेच राहतो. जात्याभोवतीच्या स्मृतीत एक अडचण आणखी आहे. प्रहरभर रात्र उरलेली असताना उठून दळणे ही सक्तमजुरी होती, आणि साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये संकलित केलेल्या ओव्यांपासून पुढच्या सर्व संग्रहांपर्यंत लेकराच्या कौतुकाच्या शेजारीच या कष्टांचीही बोली ऐकू येते. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बायकांनी जाते सोडले ते ओवीचा कंटाळा आला म्हणून नव्हे. तरीही बाईंच्या मांडणीतून एक गोष्ट हाती लागते, ती अशी की पार्श्वध्वनी ही आयात केलेली कल्पना नाही. प्रत्येक पिढीच्या घरात तान्ह्याभोवती त्या घराच्या कामाचा एक सलग आवाज होताच, आणि आज मराठवाड्यातील चैत्र-वैशाखात ती जागा पत्र्याच्या कूलरने घेतली आहे. जाळीतले गवत भिजवणाऱ्या पाण्याची टिपटिप, पंपाची गुणगुण आणि पंख्याची घूंघूं यांचे ते मिश्रण श्वेतरवाच्या पुस्तकी व्याख्येहून फार दूर नाही.

येथे एका शब्दाची गंमत नोंदवण्याजोगी आहे. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ हार्वी कार्प यांच्या पाच उपायांच्या प्रसिद्ध पद्धतीत कानाजवळ ‘श्शऽऽ’ असा दीर्घ आवाज काढणे हा एक उपाय आहे, आणि डॉक्टर तो नव्या आईबापांना शिकवतात. बाईंचे त्यावर म्हणणे असे की मराठी घरात ‘शूऽऽ’ हा आवाज बाळाला लघवी करवण्यासाठी काढला जातो, आणि त्याला तो संकेत लवकरच कळू लागतो. तेव्हा या उपायाने रडणे थांबेल की दुपटे ओले होईल याची खात्री देता येणार नाही. डॉक्टरांनी यावर फक्त एवढेच सुचवले की सहा आठवड्यांच्या बाळाला अजून कोणताच संकेत पाठ नसतो आणि दुपटे तसेही ओले होतेच.

बाई : बरे, आवाज हवाच असेल तर किती मोठा, हे कोण सांगते? मोबाइलवर मापाचा काटा नसतो.

डॉक्टर : ही तक्रार मात्र पूर्णपणे मान्य. टोरांटोच्या संशोधकांनी 2014 साली बाजारात मिळणारी 14 झोपयंत्रे तपासली, तेव्हा पूर्ण आवाजात 30 सेंटिमीटरवर ती सर्वच्या सर्व 50 डेसिबेलच्या वर गेली, आणि ही 50 ची मर्यादा रुग्णालयातील नवजात कक्षासाठी सांगितलेली आहे. त्यांपैकी 3 यंत्रे 85 डेसिबेलच्याही वर होती. एवढ्या आवाजात रोज आठ तास काम करायचे तर प्रौढ कामगाराच्या कानांनाही संरक्षण द्यावे लागते.

डेसिबेल हे साधे मोजमाप नसून घातांकी आहे, म्हणजे 10 डेसिबेलची प्रत्येक वाढ ध्वनिऊर्जेच्या दसपटीइतकी असते. त्यामुळे 50 आणि 85 यांतील अंतर आकड्यांत दिसते त्याहून फार मोठे आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की पातळी साधारण 6 डेसिबेलने उतरते, परंतु फरशी आणि प्लास्टरच्या भिंती असलेल्या लहान खोलीत आवाज परावर्तित होत राहतो आणि ही घट कमी मिळते. तान्ह्याची कर्णनलिका आखूड असल्याने बारीक सूर तिच्यात आणखी वाढतात हेही लक्षात घ्यावे लागते. या सर्वांचा व्यवहारातला अर्थ असा की मोबाइल उशाशी किंवा पाळण्यात न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला, किमान दोन मीटरवर ठेवावा, आवाज सामान्य बोलण्याच्या खालचा असावा आणि बाळ झोपल्यावर तो बंद व्हावा. भारताच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबेलची मर्यादा घातली आहे. वरातीच्या डीजेविरुद्ध या नियमाचा आधार घेणाऱ्या घराने स्वतःच्याच पाळण्यात त्याहून मोठा आवाज सोडावा यात विसंगती आहे.

बाई : आणि रात्रभर लावून ठेवले तर? भाषा शिकण्याच्या वयात कानावर नुसती सळसळ?

डॉक्टर : उंदरांच्या पिल्लांना सतत गोंगाटात वाढवले तेव्हा मेंदूतील श्रवणकेंद्राची वाढ लांबली, हे चँग आणि मर्झेनिक यांनी 2003 साली दाखवले. ती पिल्ले अखंड गोंगाटात होती आणि गोंगाट थांबल्यावर वाढ पुन्हा सुरूही झाली, त्यामुळे तासाभराच्या आवाजाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लागू नाही. पण अखंड आवाजाविरुद्ध सावध राहायला तेवढे पुरे आहे.

बाई : कानापेक्षा भीती वेगळीच आहे. गाणारी बाई बाळ गप्प झाले की थांबते आणि रडण्याचा सूर बदलला की तिला तो कळतो. यंत्राला काहीच ऐकू येत नाही.

या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते शास्त्रीय भाषेतही मांडता येते. कॉलिक हे निदान इतर कारणे वगळल्यावरच करायचे असते. तीन महिन्यांखालील बाळाला 38 अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक ताप असणे, हिरवी उलटी होणे, शौचात रक्त दिसणे, दूध न पिणे, मलूल होणे, वजन न वाढणे, जांघेत घट्ट फुगवटा येणे किंवा बोटाभोवती केस आवळला जाणे यांपैकी काहीही असेल तर तो आवाजाने शमवण्याचा विषय नव्हे. बाळाला तातडीने डॉक्टरांकडे न्यायचे असते. सलग आवाजाखाली रडणे दबले तर रडण्यातला असा बदल उशिरा लक्षात येण्याचा संभव असतो. म्हणून आवाज लावण्यापूर्वी बाळाला उघडे करून डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत पाहणे आणि भूक, ओले दुपटे व उकाडा ही साधी कारणे तपासणे हा क्रम डॉक्टरही सोडत नाहीत. त्याच दमात डॉक्टर साडीच्या झोळीलाही नकार देतात, कारण झोपलेल्या तान्ह्याला पाठीवर, सपाट व घट्ट अंथरुणावर ठेवणेच सुरक्षित असते आणि झोळीत त्याची मान दुमडते. झोळीच्या बाबतीत बाईंचे मौन हे संमतीचे आहे की नाराजीचे, ते ठरवणे कठीण.

डॉक्टर : पण बाई, तुमच्या चित्रात गाणारी बाई दमत नाही. वाळूजच्या खोलीत ती एकटी असते. रडणे कुणाच्याने थांबत नाही तेव्हा माणूस बाळाला जोरात हलवतो, आणि त्या एका झटक्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी बाळाला सुरक्षित जागी पाठीवर ठेवून, कूलर चालू करून दहा मिनिटे दाराबाहेर उभे राहणे हा उपचारच आहे. आवाज बाळासाठी असतो तितकाच तो तिच्यासाठी असतो.

या मुद्द्याला कालगणनेचा एक आधार आहे. रुग्णालयात बाळंतपण झालेल्या घरी आशा ताईंनी, म्हणजे सरकारी आरोग्य स्वयंसेविकांनी, नवजातासाठी द्यायच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेल्या आहेत; सव्वा महिन्याचे बाळंतपण संपून माहेरचा शेक-मालिश थांबतो तोही याच सुमारास. बेचाळिसावा दिवस म्हणजे सहा आठवडे. रडणे शिखरावर पोचते नेमके त्या वेळी आईभोवतीचे हात, सरकारी आणि घरचे, एकदम कमी होतात. मूल अधिक वेळ अंगावर बाळगल्याने सामान्य बाळांचे रडणे सहाव्या आठवड्यात 43 टक्क्यांनी घटले, असे हुन्झिकर आणि बार यांनी 1986 साली दाखवले होते, मात्र कॉलिकच्या बाळांत तसा फायदा पुढे दिसला नाही. आणि दिसला असता तरी अधिक वेळ बाळ घेऊन फिरायला कुणी तरी मोकळे असावे लागते.

बाई : मे महिन्यात रात्री लाइट जाते, कूलर थांबतो आणि गल्लीतली सगळी बाळे एकदम उठतात. तेव्हा तुमचे यंत्र काय करते?

डॉक्टर : मोबाइलला चार्जिंग असेल तर चालते. पण तेव्हा तुमचाच उपाय खरा. त्यात एक भर घालावी लागेल. रात्रपाळी नसेल त्या दिवशी बापाने बाळ छातीशी धरून नुसते हुंकारत चालावे. पुरुषाचा आवाज जाड, छातीत घुमणारा. गाता आले नाही तरी चालते. जपानमधल्या संशोधकांनी 2022 साली असे सुचवले आहे की रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटे चालावे आणि झोपल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटे तसेच धरून बसावे, मग खाली ठेवावे. तुमच्या संग्रहात बापाची अंगाई आहे का?

बाईंनी बराच वेळ विचार करून दिलेले उत्तर नकारार्थी होते. अभ्यासकांनी जात्यापाशी जाऊन बायकांना गायला सांगितले; ओसरीवर बाळाला खांद्यावर टाकून येरझारा घालणाऱ्या पुरुषापाशी ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन कुणी थांबल्याचे त्यांच्या वाचनात नव्हते. ते पुरुष काही गुणगुणत नव्हते, की त्यांना कुणी विचारलेच नाही, यावर डॉक्टर आणि बाई यांचे त्या दिवशी एकमत झाले नाही.